थरच्या वाळूत राजेशाही मुक्काम

थरच्या वाळवंटातील आलिशान हॉटेले मुख्यतः जैसलमेरच्या आसपास आहेत. शहराच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या, नैऋत्येला खुडी आणि पूर्वेला जोधपूरच्या वाटेवर चांदन, असा हा पट्टा आहे. त्यात दगडी गढीसारख्या इमारतींत राहता येते, तसेच कायमच्या उभारलेल्या तंबूंतही. मऊ गादी, गरम पाण्याचे न्हाणीघर, पोहण्याचा तलाव आणि हाकेला हजर सेवक समुद्राकाठच्या एखाद्या उत्तम हॉटेलातही मिळतात. वाळवंटात मात्र यातली एकेक सोय निसर्गाच्या विरोधात जाऊन उभी करावी लागते. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पडायला जैसलमेरला चार ते पाच वर्षे लागतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. जवळच्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी तो ५१ अंशांना पोहोचला होता. अशा मुलखात पाहुण्याला आराम मिळतो, तो पाणी आणि सावली जपण्याच्या शेकडो वर्षांच्या शहाणपणावर. हे शहाणपण ज्या हॉटेलाने जवळ केले, तेथला मुक्काम खऱ्या अर्थाने वाळवंटातला असतो.

या भागात परका माणूस मुक्कामाला येणे नवे नाही. ११५६ साली रावळ जैसल याने त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला, तो सिंधकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर. उंटांचे तांडे येथे थांबत, माल उतरे, जकात भरली जाई. त्या व्यापारातूनच पटवांच्या हवेल्यांसारखी कोरीव घरे उभी राहिली. १९४७ च्या फाळणीने ही वाट कायमची बंद झाली आणि जैसलमेर देशाच्या एका कोपऱ्यात पडले. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे सरहद्दीपर्यंत रस्ते आले, त्याच सुमारास रेल्वेही आली. १९७४ साली सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बंगाली पर्यटकांची जैसलमेरला रीघ लागली. पिवळ्या दगडाचा हा किल्ला आज अनेकांच्या तोंडी ‘सोनार किल्ला’ म्हणूनच आहे.

पर्यटक वाढले तशी किल्ल्याच्या आतल्या घरांची अतिथीगृहे झाली. तेथूनच एक दुखणे सुरू झाले. किल्ल्यातली वस्ती पूर्वी खालून डोक्यावर वाहून आणलेल्या घागरभर पाण्यात भागवत असे. नळ आले, खोलीगणिक न्हाणीघरे झाली आणि सांडपाणी टेकडीच्या मातीत मुरू लागले. पाया भुसभुशीत झाला, भिंती खचल्या आणि १९९० च्या दशकात काही बुरूजही ढासळले. २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांमध्ये या किल्ल्याचा समावेश झाला, तरी निचऱ्याची काळजी संपलेली नाही. सर्वांत सुखद मुक्काम किल्ल्यातच हवा, असा हट्ट पर्यटकाने धरू नये, याचे कारण हेच. मोठ्या हॉटेलांनी शहराबाहेरच्या मोकळ्या माळाची जागा निवडली, हे किल्ल्याच्या दृष्टीनेही बरेच झाले.

राजस्थानात राजवाड्यांची हॉटेले होण्यास स्वातंत्र्यानंतर सुरुवात झाली. जयपूरचा रामबाग महाल १९५७ साली हॉटेल झाला, उदयपूरच्या तलावातला महाल १९६३ साली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेक घराण्यांना आपले वाडे टिकवण्यासाठी हाच मार्ग उरला. जैसलमेरजवळची आजची नामांकित हॉटेले मात्र या वंशातली नाहीत. सम रस्त्यावरचे सूर्यगढ बाहेरून जुन्या गढीसारखे दिसते, तरी ती या शतकातली इमारत आहे. जोधपूरच्या दक्षिणेला रोहटजवळ माळावर उभे असलेले मिहिरगढही तसेच. तेथे खोल्या अवघ्या नऊ. तंबूंच्या छावण्यांची परंपरा वेगळी आहे. मोगल आणि राजपूत राजे मोहिमेवर किंवा शिकारीला निघत तेव्हा कापडाचे अख्खे शहर बरोबर चालत असे. त्या काळातला लाल मखमली शाही तंबू जोधपूरच्या मेहरानगढ संग्रहालयात आजही आहे. तो पाहिल्यावर चांदनजवळच्या ‘सराई’सारख्या छावणीची कल्पना कोठून आली हे कळते.

दगडी इमारतीचा गारवा भिंतीच्या जाडीत असतो. जैसलमेरचा पिवळा दगड काढताना तुलनेने मऊ असतो, म्हणून त्यावर लाकडासारखे कोरीवकाम होते. जुने कारागीर चिरे एकमेकांत खाचा पाडून बसवत आणि जेथे गरज असेल तेथे लोखंडी पट्टीने जखडत. चुन्यावर फारसा भर नसे. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि आतली खोली दुपारपर्यंत थंड ठेवते. संध्याकाळी तीच भिंत साठवलेली उष्णता सोडू लागते, म्हणून पूर्वी उन्हाळ्यात लोक रात्री गच्चीवर किंवा चौकात झोपत. रस्त्याकडच्या झरोक्याला कोरीव जाळी असे. जाळीच्या बारीक भोकांतून वारा आत येतो, ऊन तुकड्यातुकड्यांनी येते आणि आतल्या बाईला बाहेरचे सगळे दिसते. चांगल्या नव्या हॉटेलांनी हे सारे उचलले आहे: मधला चौक, त्याभोवती ओवऱ्या, पश्चिमेकडे कमी खिडक्या आणि भिंतीबाहेर खोल सज्जे. वातानुकूलन असतेच, पण अशा इमारतीत त्याच्यावर भार कमी पडतो. काचेच्या मोठ्या भिंती लावून वाळवंटाचा देखावा विकणारी इमारत मात्र दिवसभर विजेवरच जगते.

तंबूत राहणे याहून वेगळे. महागड्या छावणीतला तंबू दगडी जोत्यावर असतो, खाली फरशी आणि मागे बांधीव न्हाणीघर. कापड दुहेरी असते आणि दोन थरांच्या मधल्या हवेमुळे ऊन थेट आत पोहोचत नाही. तरीही कापड ते कापडच. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो आणि पहाटे तंबूत हीटर लागतो. मे महिन्यात तंबू सोसवत नाही, म्हणून बऱ्याच छावण्या उन्हाळ्यात बंद असतात. रात्री वारा सुटला की दोऱ्या ताणल्याचा आणि कापड फडफडण्याचा आवाज येत राहतो. हा आवाज आवडणाऱ्यानेच तंबू घ्यावा. ज्याला गाढ झोप प्रिय आहे, त्याने दगडी खोली पसंत करावी.

आता पाणी. थरमधल्या आरामाची सारी कथा पाण्याची आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पर्यावरण-अभ्यासक अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात मरुभूमीतल्या जलव्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. तेथील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पालर म्हणजे पावसाचे थेट मिळणारे, तलावात किंवा टाक्यात साठवलेले पाणी. पाताळपाणी म्हणजे खोल विहिरीतले, बहुतेक ठिकाणी खारट. या दोहोंच्या मधले ते रेजाणी. काही भागांत वाळूच्या खाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर असतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि या थरावर अडते. खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वरच्या वाळूत ते ओलाव्याच्या रूपाने टिकून राहते. हा ओलावा थेंबाथेंबाने गोळा करण्यासाठी कुंई खणतात.

कुंई खणणारा चेजारो म्हणून ओळखला जातो. कुंईचा घेर इतका अरुंद की तो आत उकिडवाच बसू शकतो. कुदळ चालवायला जागा नसते, म्हणून आखूड दांड्याच्या बसोलीने खणायचे. खाली जाल तसा उकाडा वाढतो. मग वर उभे असलेले लोक मूठमूठ वाळू जोराने आत फेकतात. तिच्याबरोबर वरची ताजी हवा खाली जाते आणि खालची कोंदट हवा वर येते. ही वाळू आणि वर ओढल्या जाणाऱ्या डोलातून सांडणारी माती डोक्यावर पडू नये म्हणून चेजारो धातूचे शिरस्त्राण घालतो. वाळूची भिंत कोसळू नये म्हणून खींप नावाच्या गवताचा जाड दोर वळून तो तळापासून वरपर्यंत गोल गोल रचत आणतात. एवढे करून दिवसाला दोन-तीन घागरी पाणी मिळते. ते गोड असते आणि गावाला पुरवून वापरायचे असते.

मोठ्या प्रमाणावरची व्यवस्था म्हणजे खडीन. पालीवाल ब्राह्मणांनी ती पंधराव्या शतकापासून वाढवली. खडकाळ उतारावरून वाहत आलेले पावसाचे पाणी खाली मातीचा बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि पाणी ओसरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. हॉटेलाच्या जीपमधून जाताना डिसेंबरात ओसाड माळाच्या मधोमध अचानक हिरवेगार शेत दिसते, ते खडीन. याच पालीवालांचे कुलधरा हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाला कंटाळून साऱ्या गावाने एका रात्रीत घरे सोडली, अशी आख्यायिका आहे. जाचक कर आणि आटत गेलेले पाणी ही कारणेही सांगितली जातात. हॉटेले पाहुण्यांना रात्री कुलधऱ्याच्या बाजूला नेऊन भुतांच्या गोष्टी ऐकवतात. दिवसा जाऊन तेथल्या सरळ गल्ल्या आणि घरांची आखणी पाहणे त्याहून कितीतरी मोलाचे आहे.

जैसलमेर शहराला शेकडो वर्षे पाणी पाजले ते चौदाव्या शतकातल्या गडीसर तलावाने. आजचे चित्र बदलले आहे. सतलज आणि बियासच्या संगमावरील हरिके बंधाऱ्यातून निघालेला इंदिरा गांधी कालवा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जैसलमेर जिल्ह्यात पोहोचला. त्याची लांबी सुमारे ६५० किलोमीटर. हिमालयातले पाणी थरच्या पोटात आले आणि वस्ती, शेती व पर्यटन तिन्ही त्यावर वाढले. शिवाय चांदन-लाठी परिसरात वालुकाश्माच्या थरात गोड्या भूजलाचा मोठा साठा आहे. हॉटेलाचा तलाव भरतो तो कालव्याच्या, कूपनलिकेच्या किंवा टँकरने आणलेल्या पाण्याने. हे पाणी शेतकऱ्याच्या आणि गुरांच्या वाट्याचेही आहे. सांडपाणी शुद्ध करून बागेला देणे, हिरवळीऐवजी सेवण गवत आणि खेजडीसारखी स्थानिक झाडे लावणे, चादरी रोज न धुणे या गोष्टी येथे शोभेच्या नाहीत. खोली ठरवण्यापूर्वी हॉटेलाला पाण्याची सोय कशी केली आहे हे जरूर विचारावे. नीट उत्तर देणारे हॉटेल सहसा इतर बाबतींतही नीट असते.

अरबस्तानातील हॉटेलांनी वेगळी वाट धरली. दुबईच्या वाळवंटात १९९९ साली सुरू झालेल्या ‘अल महा’मध्ये प्रत्येक निवासाला स्वतंत्र पोहण्याचा तलाव आहे. खाडी देशांत समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प आहेत, म्हणून ते शक्य होते. त्या हॉटेलाभोवती २२५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे आणि जंगलातून नाहीसा झालेला अरबी ओरिक्स हा हरिणवर्गीय प्राणी तेथे पुन्हा मोकळा फिरतो. थरला पाण्याच्या बाबतीत दुबईची नक्कल परवडणारी नाही. वन्यजीवांच्या बाबतीत मात्र शिकण्यासारखे बरेच आहे.

थरमधल्या मुक्कामाचा दिवस सूर्यावर बेतलेला असतो. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने डिसेंबरअखेरीस सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधी वाळूवर जावे. रात्रीच्या वाऱ्याने वाळूवर नव्या लहरी उठलेल्या असतात आणि त्यांवर रात्रीच्या हालचालींची नोंद असते: भुंग्याच्या पायांची शिवण घातल्यासारखी दुहेरी रेघ, उंदराच्या उड्या, खोकडाच्या पावलांची सरळ माळ. तासाभरात माणसे येतात आणि हे सारे पुसले जाते. थर म्हणजे वाळूच वाळू, हा समजही जीपमधून फिरताना गळून पडतो. बराचसा भाग खडकाळ आणि मुरमाड आहे. जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर आकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे अश्मीभूत बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. जेथे आज झुडूप दिसणे कठीण, तेथे त्या काळी घनदाट अरण्य होते.

दुपार सावलीत काढायची. संध्याकाळी उंटाची सफर असते. उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. खोगिराचा खुंट धरून मागे रेलून बसावे. २०१४ साली राजस्थानने उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला, तरी त्याची संख्या झपाट्याने घटते आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशभरात चार लाखांच्या आसपास असलेले उंट २०१९ मध्ये अडीच लाख उरले. ट्रॅक्टर आले, चराऊ राने आक्रसली, उंट पाळणाऱ्या राईका समाजाच्या तरुणांनी दुसरे धंदे धरले. पर्यटकाची सफर ही आज उंट पाळणाऱ्याच्या मोजक्या कमाईंपैकी एक आहे. वाळूवर चारचाकी उडवण्याचा खेळ त्यापेक्षा महाग, गोंगाटाचा आणि टेकड्यांवरच्या विरळ गवताला घातक आहे. तो टाळावा.

जेवणात थरची खरी ओळख होते. पंचकुट्याची भाजी केर, सांगरी, कुमट, गुंदा म्हणजे भोकर आणि आमचूर अशा सुक्या जिनसांची. हिरवी भाजी दुर्मीळ असलेल्या मुलखात हंगामात तोडून वाळवलेले हे जिन्नस वर्षभर पुरतात. सांगरी ही खेजडीची शेंग, आणि खेजडी म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी शमी. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावी ही झाडे वाचवताना ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. बाजरीचा जाड सोगरा, तूप, गूळ, ताक आणि लसणाची चटणी हे जेवण सोलापूर-बीडच्या पाहुण्याला परके वाटत नाही. मांसाहारींसाठी भरपूर मिरचीचे लाल मांस आणि गोडात जैसलमेरचे घोटुआ लाडू. ज्या हॉटेलात पास्ता चांगला आणि केर-सांगरी बेचव असते, तेथे स्वयंपाकघर गावापासून तुटले आहे असे खुशाल समजावे.

रात्री मांगणियार गायक येतात. हे मुसलमान कलावंत पिढ्यान्‌पिढ्या हिंदू राजपूत यजमानांच्या घरी जन्म, लग्न आणि मृत्यूच्या प्रसंगी गात आले आहेत. यजमानाची वंशावळही त्यांना मुखोद्गत असते. त्यांचे कमायचा हे तंतुवाद्य आंब्याच्या लाकडाच्या एका ठोकळ्यातून कोरतात, पोटाला बकऱ्याचे कातडे मढवतात, मुख्य तारा आतड्याच्या असतात. त्याचा स्वर भरदार आणि किंचित घोगरा असतो. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. या कलावंतांना जगाच्या व्यासपीठावर नेण्यात लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांचा मोठा वाटा आहे. हॉटेलात मात्र पाहुणे ‘केसरिया बालम’ची फर्माईश करून थांबतात. गायकाला त्याच्या आवडीचे, त्याच्या यजमानाच्या घरचे गाणे म्हणायला सांगावे. मैफल तेथून रंगते. समच्या काही स्वस्त छावण्यांत मोठ्या भोंग्यांवर सिनेमाची गाणी लावून मध्यरात्रीपर्यंत नाच चालतो. दूरच्या, कमी खोल्यांच्या हॉटेलाला जास्त पैसे मोजण्याचे एक रास्त कारण हे आहे.

वाळवंटाचे सर्वांत मोलाचे रहिवासी पाहण्यासाठी मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात जावे लागते. ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात माळढोक आहे. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो तेथला राज्यपक्षी आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली याच पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, पण महाराष्ट्रातून तो आज जवळपास नाहीसा झाला आहे. देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असून त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. अंगाने जड आणि समोरचे नीट पाहू न शकणारा हा पक्षी पवनचक्क्या व सौरप्रकल्पांच्या वीजवाहिन्यांना धडकून मरतो. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. सम येथे २०१९ पासून माळरानातली अंडी आणून कृत्रिम उबवणी आणि प्रजननाचे काम सुरू आहे. हॉटेलाने नेमलेला वाटाड्या स्थानिक असेल आणि पक्ष्यामागे गाडी न पळवता लांब थांबून दुर्बीण हाती देत असेल, तरच ही सफर घ्यावी.

जाण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो; तेव्हा आणि नाताळच्या आठवड्यात दर सर्वांत चढे असतात. नामांकित हॉटेलात मोसमात एका रात्रीचे भाडे पाच आकड्यांत जाते आणि साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी पडतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा मार्चचा पहिला पंधरवडा स्वस्तही पडतो आणि हवाही सोसते. जैसलमेरची विमानसेवा मुख्यतः हिवाळ्यात चालते. एरवी जोधपूरला उतरून पाच तासांचा रस्ता धरावा लागतो. दुपारी सुती आणि रात्री लोकरी कपडे लागतात, डोळ्यांत वाळू जाते म्हणून उपरणे किंवा ओढणी हवी, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. आकाश पाहायचे असेल तर अमावास्येजवळची तारीख निवडावी. वाळूवरचे चांदणे पाहायचे असेल तर पौर्णिमेची. दोन्ही एका मुक्कामात मिळत नाहीत. सरहद्दीजवळच्या काही भागांत जाण्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. ती हॉटेलमार्फत आधीच काढून ठेवावी.